नावाची पाटी आणि नंबराचा बिल्ला

लंडनला जाणारा आपल्या समाजातील माणूस दोन ठिकाणी गेल्याशिवाय परत येत नाही. एक म्हणजे किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरचे घर, जिथे १९२१-२२ साली विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. दुसरे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. या दोन्ही ठिकाणांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहून आले आहे. मला सांगायचे आहे ते इंग्लंडमधल्या एका वेगळ्याच वेडाविषयी. हे वेड आहे आगगाडीचे. हे लोक टीव्हीवर आगगाडीचे कार्यक्रम चवीने बघतात, आगगाडीच्या जुन्या पाट्या, कंदील, तिकिटे, बिल्ले पैसे मोजून विकत घेतात आणि जपून ठेवतात. प्रथमदर्शनी हा रिकामटेकड्यांचा छंद वाटेल. पण तो जवळून पाहिला तेव्हा आपल्या समाजाशी त्याचा फार निकटचा संबंध आहे, असे मला वाटू लागले.

माझी पुतणी शिष्यवृत्तीवर लीड्स येथे शिकत होती. तिच्या पदवीदान समारंभासाठी घरातून एक माणूस जावा असे ठरले आणि तो मान माझ्याकडे आला. समारंभ एका दिवसाचा, पण मुक्काम बारा दिवसांचा. त्या बारा दिवसांत जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

घराशेजारचे रूळ

किंग हेन्रीज रोडला जायचे तर चॉक फार्म या भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर उतरावे लागते. जवळच राउंडहाउस नावाची विटांची मोठी गोल इमारत आहे. आज तिथे नाटके आणि गाण्यांचे कार्यक्रम होतात, परंतु १८४७ च्या सुमारास ती बांधली गेली ती इंजिनांची शेड म्हणून. मधोमध फिरता चबुतरा होता. त्यावर इंजिन चढवायचे आणि पाहिजे त्या दिशेला तोंड करून सोडायचे. स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला रुळांवरून जाणारा पूल आहे. खालून युस्टन स्टेशनच्या गाड्या धडधडत जातात. लंडन आणि बर्मिंगहॅम या शहरांना जोडणारी ही लाईन १८३८ साली पूर्ण झाली, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली त्याच्या पंधरा वर्षे आधी. पूल ओलांडला की बाबासाहेबांचे घर काही पावलांवर आहे.

पुस्तकात मान खुपसून बसलेल्या त्या विद्यार्थ्याच्या कानावर रात्री-बेरात्री या गाड्यांच्या शिट्ट्या पडत असणार. घराच्या भिंतीवर लावलेल्या निळ्या गोल फलकापुढे आम्ही दोघे उभे राहिलो, हात जोडले. पुतणी म्हणाली, "काका, हे घरसुद्धा एकदा विकायला निघाले होते."

ती म्हणाली ते खरे आहे. २०१४ साली हे घर विक्रीस निघाले. तेव्हा इंग्लंडमधील आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घर खरेदी केले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले. पुढे राहत्या घराचे संग्रहालय करण्यास तिथल्या कौन्सिलने हरकत घेतली, प्रकरण अपिलात गेले आणि २०२० मध्ये संग्रहालयाला परवानगी मिळाली. एखादी आठवण बाजारात आली आणि तिची किंमत ओळखणारी माणसे वेळेवर जागी झाली नाहीत, तर ती आठवण दुसऱ्याच्या मालकीची होते. हे सूत्र मला त्या दारात सापडले आणि पुढचा सगळा प्रवास मी त्याच नजरेने केला.

छोट्या पडद्यावरची आगगाडी

इंग्लंडमध्ये टीव्ही लावला की कुठे ना कुठे आगगाडी धावताना दिसतेच. बी.बी.सी.ने १९८० साली जगातील मोठ्या रेल्वे प्रवासांची एक मालिका केली. तिचा एक भाग आपल्या दख्खनवर होता. दुसऱ्या एका भागात मायकेल पॅलिन हा विनोदी नट लंडनहून स्कॉटलंडच्या टोकाला, काइल ऑफ लॉखाल्श या स्टेशनपर्यंत गेला आणि येताना त्या स्टेशनच्या नावाची जुनी पाटीच विकत घेऊन आला. टीव्ही आणि जुन्या वस्तूंचा बाजार यांची गाठ त्या एका प्रसंगात पडलेली दिसते. पडद्यावर जे प्रेमाने दाखवले जाते, ते आपल्या घरी असावे अशी इच्छा बघणाऱ्याला होते.

२०१० पासून मायकेल पोर्टिलो या माजी मंत्र्याची मालिका सुरू झाली आणि ती फारच लोकप्रिय झाली. भडक रंगाचा कोट, हातात ब्रॅडशॉ यांचे जुने रेल्वे गाइड, आणि त्या गाइडमध्ये काय लिहिले आहे ते वाचत गावोगाव फिरायचे, असा तिचा साधा बाज आहे. या मालिकेमुळे दीडशे वर्षांपूर्वीचे ते गाइड पुन्हा छापले गेले आणि दुकानांतून हातोहात खपले. २०१८ मध्ये हेच गृहस्थ १९१३ सालचे गाइड घेऊन हिंदुस्थानात आले आणि इथल्या रेल्वे प्रवासावरही त्यांनी मालिका केली.

पुतणीने मला त्यातले दोन भाग दाखवले. चित्रीकरण सुरेख आहे, माणूसही दिलखुलास आहे. पण बघताना माझ्या मनात दुसराच एक रेल्वे प्रवास चालू होता. १९०१ साल. सातारा भागातील मसूर स्टेशन. चांगले कपडे घातलेली काही मुले गाडीतून उतरतात. त्यांतला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव. वडील गोरेगावला कॅशियरच्या नोकरीवर, त्यांना भेटायला मुले निघालेली. न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर चौकशी करतो, मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलतो आणि तो पाठ फिरवतो. बैलगाडीवाले भाडे नाकारतात. शेवटी दुप्पट पैसे घेऊन एक जण तयार होतो, तोही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. ब्रॅडशॉचे गाइड साहेबांसाठी होते. मसूरला उतरलेल्या त्या मुलांना पाणी कुठे मिळेल हे सांगणारे गाइड कोणी छापले नव्हते.

आपल्याकडेही १९८६ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची 'यात्रा' ही मालिका आली होती. कन्याकुमारीहून जम्मूकडे जाणाऱ्या गाडीतले प्रवासी आणि त्यांची सुखदुःखे तिच्यात होती. ती मालिका भारतीय रेल्वेच्याच सहकार्याने झाली आणि ज्यांनी बघितली त्यांना आजही आठवते. पण गाडीच्या खिडकीतून क्षणभर दिसणारा, हातात पहार घेऊन रुळाच्या कडेला उभा राहणारा गँगमन कुठल्याही मालिकेचा नायक झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

भंगारातून लिलावात

आता जुन्या वस्तूंच्या बाजाराविषयी. हा बाजार उभा कसा राहिला, हे समजून घेण्यासारखे आहे.

१९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यात चाललेल्या लाईनी बंद करा, असे त्यात सांगितले होते. सुमारे ५ हजार मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्टेशने बंद करावीत अशी शिफारस होती. सगळी शिफारस अमलात आली नाही, तरी हजारो गावांची गाडी तुटली. दुसरीकडे वाफेची इंजिने मोडीत निघत होती. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरचे वाफेचे युग संपले. पाच-सहा वर्षांत एवढे सामान भंगारात निघाले की त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडला. घड्याळे, कंदील, सिग्नलचे हात, बाके, घंटा, स्टेशनांच्या पाट्या, इंजिनांच्या पितळी पाट्या. १९६९ साली रेल्वेनेच लंडनच्या युस्टन स्टेशनजवळ जुन्या वस्तू विकण्याचे दुकान काढले. ते दुकान पुढे बंद झाले, पण तोवर छंदाचा व्यापार झाला होता. आता त्यासाठी खास लिलाव होतात, छापील याद्या निघतात.

या बाजाराचे काही हिशेब आहेत. मी बी.कॉम. झालेला कारकून, त्यामुळे माझे लक्ष भावाकडे जाणारच. सर्वात खाली पुठ्ठ्याची तिकिटे. टॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरने १८३० च्या दशकात नंबर छापलेले हे छोटे पुठ्ठ्याचे तिकीट काढले. पुढे ते जगभर गेले आणि आपल्याकडेही संगणकाची तिकिटे येईपर्यंत तेच चालत होते. असे साधे तिकीट अगदी थोड्या पैशात मिळते. त्याच्या वर कंदील, शिट्ट्या, टोप्या, बिल्ले. त्याच्या वर स्टेशनांच्या पाट्या. १९४८ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर प्रत्येक विभागाचा रंग ठरला. दक्षिणेचा हिरवा, पश्चिमेचा तपकिरी, स्कॉटलंडचा फिका निळा, असे. त्या रंगाच्या मिनाकारी पाट्या शेकडो आणि कधी हजारो पौंडांना जातात. आणि सर्वात वर इंजिनाच्या नावाची पाटी. तिकडे मोठ्या इंजिनांना नावे देण्याची पद्धत होती. राजांची, किल्ल्यांची, शाळांची, पक्ष्यांची नावे. साधारणपणे इंजिनाच्या दोन बाजूंना दोन पाट्या. म्हणजे कितीही श्रीमंत गिऱ्हाईक असले तरी जगात त्या नावाच्या दोनच पाट्या. प्रसिद्ध इंजिनाची पाटी असेल तर भाव काही दहा हजार पौंडांच्या घरात जातो.

त्यात पुन्हा खरे-खोटे असतेच. नकली पाट्या ओतल्या जातात. म्हणून जाणकार पाटी उलटी करून मागचे ओतकाम बघतो, वजन बघतो, खिळ्यांची भोके बघतो. घासून-पुसून चकचकीत केलेल्या पाटीपेक्षा इंजिनावरून उतरवली तशीच, काजळी आणि जुन्या रंगासकटची पाटी अनेकांना अधिक मोलाची वाटते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ती वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची नोंद. वस्तूबरोबर जुने पत्र किंवा पावती असेल तर किंमत वाढते. या एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. वस्तूला किंमत येते ती तिच्यामागच्या कागदामुळे, तिच्यामागच्या कहाणीमुळे.

यॉर्कचे संग्रहालय

लीड्सहून यॉर्क अर्ध्या तासाच्या आत येते. तिथे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. १९७५ साली ते सुरू झाले. प्रवेशाला पैसे नाहीत, ही मला सर्वात आवडलेली गोष्ट. शाळांच्या मुलांचे थवेच्या थवे आत धावत होते.

मोठ्या दालनात इंजिने उभी आहेत. त्यांत निळ्या रंगाचे मॅलार्ड. ३ जुलै १९३८ रोजी या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा जागतिक विक्रम आहे. त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी हटत नाही. जपानच्या पहिल्या पिढीतील बुलेट ट्रेनचा डबा आहे, त्यात जाऊन बसता येते. राणी व्हिक्टोरियाचा शाही डबा आहे. रेशीम, मखमल, सोनेरी नक्षी. शिवाय फळ्यांवर हजारो छोट्या वस्तू मांडलेल्या आहेत, जणू रेल्वेचे सगळे कपाटच उघडून ठेवले आहे.

हे सगळे बघताना मी मनाशी म्हणालो, राणीचा डबा जपला, इंजिन जपले, पण रूळ टाकणाऱ्या मजुराचे काय? या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच मिळाले. या संग्रहालयाने पोर्ट्समथ विद्यापीठ आणि वॉरिक विद्यापीठातील अभिलेखागार यांच्याबरोबर एक काम हाती घेतले आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटन आणि आयर्लंडच्या रेल्वेत काम करताना जे कामगार जखमी झाले किंवा मेले, त्यांच्या अपघातांची माहिती जुन्या अहवालांतून एकेक करून उतरवून काढायची. हे काम बरेचसे स्वयंसेवक करतात, घरी बसून, मोबदला न घेता. कोणाचा हात डब्यांच्या सांध्यात सापडला, कोण धुक्यात रूळ दुरुस्त करताना गाडीखाली आला, त्याचे काम काय होते, चूक कोणाची ठरवली गेली. अशा हजारो नोंदी त्यांनी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. कोणीही येऊन आपल्या आजा-पणज्याचे नाव शोधू शकतो. आपल्या चळवळीने शिकण्यासारखे इंग्लंडमध्ये मला काही दिसले असेल, तर ते हे काम. इंजिन जपण्यासाठी पैसा लागतो. माणसाची नोंद जपण्यासाठी वही, पेन आणि चिकाटी लागते.

पासष्ट पौंडांचा बिल्ला

परतण्याच्या आदल्या शनिवारी एका सभागृहात रेल्वेच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. पुतणीबरोबर मी गेलो. लांबलचक टेबले, त्यांवर कंदील, वेळापत्रके, फोटो. विकणारे बहुतेक साठीच्या पुढचे, घेणारेही तसेच. एका टेबलामागे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड बसले होते. आम्ही हिंदुस्थानचे, मुंबईकडचे, हे कळल्यावर त्यांनी टेबलाखालून एक खोका काढला आणि त्यातून एक पितळी बिल्ला माझ्या हातावर ठेवला. वर जी.आय.पी. रेल्वेची अक्षरे, खाली पोर्टर हा शब्द, आणि मध्ये एक नंबर. दंडावर बांधायचा असावा, मागे पट्ट्यासाठी दोन कड्या होत्या. अक्षरांच्या कडा हाताने झिजल्या होत्या. किंमत पासष्ट पौंड.

मी विचारले, "हा कोणाचा होता?"

म्हातारबुवांनी खांदे उडवले. म्हणाले, "नंबर आहे, नाव नाही. ही फार वर्षांपूर्वी कोणीतरी मुंबईहून आणलेली वस्तू. नाव असते तर मी जास्त किंमत सांगितली असती."

पुतणी हळूच म्हणाली, "काका, घ्यायचा का? आपल्यापैकी कोणाचा असेल."

मी तिला बाबासाहेबांच्या एका भाषणाविषयी सांगितले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसांची परिस्थिती उघड करून दाखवली. आपला माणूस रेल्वेत लागतो तो गँगमन म्हणून आणि गँगमन म्हणूनच त्याची उमर संपते. त्याला पोर्टरसुद्धा केले जात नाही. का? तर पोर्टर हा स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करतो, आणि अस्पृश्याचा हात स्टेशनमास्तरच्या घरातल्या भांड्याला लागलेला चालत नाही. वर्कशॉपमध्येही वरच्या कामाला त्याला हात लावू देत नाहीत.

तेव्हा त्या बिल्ल्याचा मालक आपला माणूस असण्याचा संभव कमीच. हमालीचा पितळी बिल्ला दंडावर बांधण्याचा मानही जिथे जातीवरून ठरत होता, तिथे आपल्या आजोबांची वस्तू कोणत्या बाजारात मिळणार? गँगमनची पहार, फावडे, घमेले, हातोडा, सगळे रेल्वेचे. नोकरी संपली की सामान स्टोअरमध्ये जमा. उरले ते हातावरचे घट्टे, आणि ते माणसाबरोबर चितेवर गेले. मॅलार्डने विक्रम केला ते साल १९३८ आणि मनमाडची परिषद झाली तेही साल १९३८. त्या इंजिनाचा विक्रम सेकंदासकट लिहून ठेवलेला आहे. मनमाडच्या मंडपात बसलेल्या गँगमनांची नावे आज किती जणांना सांगता येतील?

मी बिल्ला घेतला नाही. पासष्ट पौंड म्हणजे आपले सात हजारांच्या वर रुपये. म्हातारबुवांची परवानगी घेऊन त्याचा फोटो काढला आणि नंबर वहीत टिपून घेतला. सात हजारांत काय होऊ शकते याचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होता.

बोरघाटातील अनाम माणसे

ही अनामिकता रेल्वेच्या जन्मापासूनची आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी गेली. १८६१ च्या सुमारास या घाटात ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. बोगदे खोदताना, कड्यावर दोराला लटकून सुरुंगाची भोके पाडताना, पटकीच्या साथीत किती मेली याची धड मोजदाद नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवून पूर्ण केला. ती बाई कर्तबगार होती यात शंका नाही आणि तिचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच झाले. पण तिच्या ठेक्यावर मेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव घाटात कोरलेले नाही. गावकुसाबाहेरच्या किती घरांतले कर्ते पुरुष आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका त्या दगडांखाली गेल्या, ते कोण सांगणार?

आज डेक्कन क्वीनने पुण्याला जाताना आपली मुले बोगदे मोजतात. मोजू द्या. पण हे बोगदे खणले कोणी, हेही त्यांना सांगा.

आपल्या पेटीत काय आहे?

मुंबईच्या चोरबाजारातही रेल्वेचे कंदील आणि जुनी घड्याळे मिळतात. पैसेवाले ती घेऊन दिवाणखान्यात टांगतात. टांगोत. आपल्याला त्या बाजारात उतरायचे नाही, आणि रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे हेही ध्यानात ठेवावे. आपली ठेव वेगळी आहे. ती आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत थोडी थोडी रद्दीवाल्याकडे जात आहे.

इगतपुरी, मनमाड, भुसावळ, नागपूर, परळ, माटुंगा, कल्याण, दौंड. या गावांत आणि वस्त्यांत रेल्वेत राबलेल्या माणसांची आपली शेकडो घरे आहेत. त्या घरांतून पुढील पाच गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत.

१) नोकरीचा दाखला, पगाराची चिठ्ठी, प्रवासाचा पास, बदलीचा हुकूम, युनियनची पावती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची वर्गणीची पावती, जो कागद असेल तो फेकू नये. त्याला प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नये, कागद कायमचा खराब होतो. कोरड्या जागी, सपाट, स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवावा.

२) जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. डावीकडून उजवीकडे, कोण कोण. नाव सांगणारी शेवटची म्हातारी गेली की तो फोटो निनावी होतो.

३) घरातील वृद्धांना बोलते करावे. विशेषतः स्त्रियांना. गँगच्या चाळीत पाणी कुठून आणायच्या, नवरा रात्रपाळीला गेल्यावर पावसात दरड कोसळली तेव्हा काय झाले, स्टेशनच्या नळावर कोण हटकायचे, हे कोणत्याही सरकारी कागदात नाही. ते त्यांच्याच तोंडी आहे. मोबाईलवर आवाज टिपता येतो. नातवंडांना हे काम सुट्टीचा अभ्यास म्हणून द्यावे.

४) प्रत्येक विहारात एक नोंदवही ठेवावी. नाव, गाव, रेल्वेतील काम, साल, कोणत्या गँगमध्ये, अपघात झाला असल्यास तो कसा. यॉर्कचे स्वयंसेवक जे करतात तेच.

५) मूळ कागद घरीच राहू द्यावेत, विहाराने फक्त झेरॉक्स किंवा फोटो घ्यावा. आमच्या वस्तीत मी हिशेब केला. पासष्ट पौंडांत पन्नास घरांचे कागद उतरवून होतात, वहीसकट.

वस्तू जपणे हे धम्माला धरून आहे का, असा प्रश्न मला एका तरुणाने विचारला. सर्व संस्कार अनित्य आहेत हे भगवान बुद्धांनी शिकवले, मग जुने कागद कवटाळायचे कशाला? शंका रास्त आहे. पण तथागतांच्या अस्थींवर स्तूप उभे राहिले ते हाडांच्या मोहाने नव्हे, त्या जीवनाचे स्मरण पुढच्या पिढ्यांना राहावे म्हणून. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि इतर वस्तू जपल्या. तो कोट पाहताना आपण कापडाला नमस्कार करीत नाही. हा माणूस आपल्यासारखाच हाडामांसाचा होता आणि तरी केवढे करून गेला, हे आपल्याला तिथे कळते. मोह आणि स्मरण यांत हाच फरक आहे. लिलावात बोली लावणाऱ्याला ती वस्तू आपली असावी असे वाटते. आपल्याला त्या वस्तूमागचा माणूस सर्वांचा व्हावा असे वाटले पाहिजे.

दरवर्षी १४ एप्रिलला आपण जयंती साजरी करतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ एप्रिलला, आपल्या देशात पहिली गाडी धावल्याचा दिवस येतो. रेल्वे त्या दिवशी आपले सोहळे करीलच. आपण त्याच आठवड्यात विहारात एक टेबल मांडावे. त्यावर आपल्या गँगमन, खलाशी, गेटमन, पॉइंट्समन आणि सफाई कामगार आजोबांचे, आजींचे कागद आणि फोटो ठेवावेत, आणि प्रत्येकासमोर ठळक अक्षरात संपूर्ण नाव लिहावे. त्याला तिकीट नको आणि बोलीही नको. येणाऱ्या मुलांनी ती नावे मोठ्याने वाचावीत, एवढेच पुरे.

जय भीम.